सर्दीची गोळी एकाला लागू पडते, दुसऱ्याला का नाही? नाक गळण्यामागचं हिस्टामिन समजून घेऊ

सोयाबीन निघालं, कापूस बाजारात यायला लागला आणि पहाटे अंगावर चादर ओढावीशी वाटू लागली, की आपल्या मस्तगड भागात शिंकांचा आवाज वाढतो. शाळेला निघालेली पोरं बाहीला नाक पुसत जातात. फजरच्या नमाजला रांगेत उभं राहिलं की दोन्ही बाजूंनी नाक ओढल्याचा आवाज येतो. मग मेडिकलवर एकच मागणी असते, "भाई, सर्दीची गोळी द्या." सर्दी कसली, हे दुकानदार विचारत नाही आणि आपणही सांगत नाही.

गंमत अशी, की एकाच पाकिटातली एकच गोळी घरातल्या तिघांना दिली तर तीन वेगळे किस्से होतात. मोठ्या मुलाच्या शिंका तासाभरात थांबतात. अम्मीचं नाक बंद ते बंदच राहतं. अब्बांचं नाक थोडं कोरडं होतं, पण ते दुपारी दुकानात गल्ल्यावरच पेंगतात. मग "ही कंपनी बेकार आहे, दुसरी द्या" असं म्हणून आपण पाकीट बदलतो. दोष बहुतेक वेळा कंपनीचा नसतो. तिघांचं नाक वेगवेगळ्या कारणाने बिघडलेलं असतं आणि गोळी त्यातल्या एकाच कारणावर चालते. ते कारण म्हणजे हिस्टामिन. या लेखात आम्ही हिस्टामिन नाकात नेमकं काय करतं ते सांगणार आहोत, कारण ते कळलं की कोणती गोळी कधी घ्यायची आणि कधी नाही, हे बरंचसं आपोआप उलगडतं.

नाकात पाणी येतं कुठून?

आधी शेंबडाबद्दल दोन शब्द, कारण बिचाऱ्याची बदनामी फार आहे. निरोगी नाकही दिवसभर शेंबूड तयार करत असतं. त्यात बहुतांश पाणीच असतं, थोडी चिकट प्रथिनं आणि क्षार. श्वासाबरोबर आलेली धूळ, परागकण, जंतू त्याला चिकटतात. नाकाच्या अस्तरावर केसांपेक्षाही बारीक अशी लव असते. ती सतत हलून हा थर घशाकडे ढकलते आणि आपण तो नकळत गिळून टाकतो. म्हणजे झाडलोट चोवीस तास चालूच असते. ती जास्त झाली की मगच आपल्या लक्षात येते.

नाक गळायला लागतं तेव्हा ते पाणी दोन ठिकाणांहून येतं. एक, अस्तराखालच्या ग्रंथींमधून. या ग्रंथी म्हणजे जणू छोट्या तोट्या. दुसरं, रक्तवाहिन्यांमधून. नाकाच्या अस्तरात बारीक रक्तवाहिन्यांचं दाट जाळं असतं. त्यांच्या भिंती सैल झाल्या की रक्तातला पाण्यासारखा भाग बाहेर झिरपतो, जसं जुन्या माठातून पाणी पाझरतं. ही तोटी आणि हा पाझर, दोन्ही लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहेत.

मस्तगड आणि मास्ट पेशी

आपला मस्तगड निजाम-उल-मुल्क आसफजाह यांच्या हुकमावरून काबिल खानाने १७२५ मध्ये बांधला. आता मजा बघा, ज्या पेशींमध्ये हिस्टामिन साठवलेलं असतं त्यांचं नाव आहे मास्ट पेशी! दोन्ही नावांचा एकमेकांशी काही संबंध नाही. जर्मन शास्त्रज्ञ पॉल एर्लिख यांनी १८७८ मध्ये या पेशींचं वर्णन केलं. पोटात दाणे ठासून भरलेल्या या पेशी त्यांना खाऊन-पिऊन धष्टपुष्ट झाल्यासारख्या वाटल्या, म्हणून जर्मन भाषेतलं तसं नाव पडलं. पण किल्ल्याची उपमा मात्र इथे बरोबर बसते. नाक, डोळे, त्वचा, फुप्फुस, आतडी, म्हणजे जिथे जिथे शरीराची सीमा बाहेरच्या जगाला लागते, तिथे तिथे या मास्ट पेशी पहारा देत बसलेल्या असतात. त्यांच्या पोटातल्या दाण्यांमध्ये तयार हिस्टामिन भरलेलं असतं. म्हणजे दारूगोळा कोठारात भरून ठेवलेला, फक्त बत्ती लागायची वाट.

ॲलर्जी असलेल्या माणसात ही बत्ती चुकीच्या गोष्टीवर लागते. गाजर गवताचे परागकण किंवा गादीतले धुळीचे किडे खरं तर शत्रू नाहीत. पण काही लोकांचं शरीर त्यांच्याविरुद्ध आयजीई नावाचं प्रतिपिंड तयार करतं आणि ते मास्ट पेशींच्या अंगावर टोचून ठेवतं. पुढच्या वेळी तोच कण नाकात गेला आणि या आयजीईला चिकटला, की काही मिनिटांत कोठार फुटतं आणि हिस्टामिन बाहेर पडतं.

पण नुसतं हिस्टामिन बाहेर पडून काही होत नाही. ते कुठेतरी जाऊन बसावं लागतं. पेशीच्या अंगावर त्यासाठी खास जागा असते, तिला रिसेप्टर म्हणतात, मराठी पुस्तकांत 'ग्राही'. कुलूप आणि किल्लीचं नातं समजा. हिस्टामिन ही किल्ली आणि रिसेप्टर हे कुलूप. किल्ली एकच असली तरी शरीरात तिची कुलपं चार प्रकारची आहेत, एच-१, एच-२, एच-३ आणि एच-४. कुलूप कुठल्या दाराला लावलंय त्यावर पुढे काय घडणार ते ठरतं.

पोटात एच-२ आहे. तिथे हिस्टामिन बसलं की आम्ल तयार होतं. म्हणून ॲसिडिटीवर दिली जाणारी फॅमोटिडिन ही गोळीसुद्धा खरं तर हिस्टामिनलाच अडवते, पण पोटातल्या कुलपावर. ती सर्दीला उपयोगी नाही. नाकातही एच-२ सापडतात, पण नाक गळण्यात त्यांचा वाटा लहान आहे. एच-३ मुख्यतः मज्जातंतूंवर असतं आणि एच-४ रोगप्रतिकारक पेशींवर. हे दोन्ही नाक चोंदण्यात आणि सूज टिकून राहण्यात काही भूमिका बजावतात, असं संशोधन सांगतं, पण त्यांना अडवणारं नाकाचं औषध आज आपल्या मेडिकलवर मिळत नाही. सर्दीच्या गोळीचा सगळा खेळ एच-१ वर आहे.

एका नाकपुडीतला प्रयोग

आता मुद्द्याची गोष्ट. आम्हालाही आधी वाटायचं, की हिस्टामिन ग्रंथींवर जाऊन बसत असेल आणि ग्रंथी पाणी सोडत असतील. सरळ हिशोब! पण तसं फारसं होत नाही. ग्रंथींना हिस्टामिन थेट फार कमी हलवतं. मग पाणी येतं कसं?

संशोधकांनी यासाठी एक साधा प्रयोग केला. माणसाच्या फक्त एका नाकपुडीत हिस्टामिन सोडलं. त्या नाकपुडीतून पाणी आलंच, पण ज्या नाकपुडीला हातसुद्धा लावला नव्हता तिच्यातूनही पाणी यायला लागलं! हिस्टामिन तर तिकडे गेलंच नव्हतं. म्हणजे निरोप दुसऱ्या रस्त्याने गेला होता. तो रस्ता मज्जातंतूंचा.

होतं असं. नाकाच्या अस्तरात संवेदना नेणाऱ्या मज्जातंतूंची टोकं असतात. त्यांच्यावर एच-१ रिसेप्टर आहेत. हिस्टामिन तिथे बसलं की खाज सुटते आणि निरोप मेंदूच्या खालच्या भागाकडे जातो. तिथून लगेच दोन हुकूम सुटतात. एक शिंकण्याचा. दुसरा, दोन्ही बाजूंच्या ग्रंथींना, "पाणी सोडा, घाण धुऊन काढा." तव्याला बोट लागलं की विचार करायच्या आत हात मागे येतो ना, तशातलाच हा प्रकार. आणि हा दुसरा हुकूम ग्रंथींपर्यंत पोहोचवणारा निरोप्या हिस्टामिन नसतोच. तो असतो ॲसिटिलकोलिन नावाचा दुसरा रसायन-दूत. ग्रंथींवर त्याची वेगळी कुलपं आहेत.

याची खातरजमाही झाली. हात न लावलेल्या नाकपुडीत ॲट्रोपिन हे ॲसिटिलकोलिनला अडवणारं औषध आधी मारून ठेवलं, तर तिकडून येणारं पाणी थांबतं. ॲट्रोपिन हे आपल्याकडच्या धोतऱ्यात असणाऱ्या द्रव्यांपैकी एक. धोतऱ्याची विषबाधा झालेल्या माणसाचं तोंड ठणठणीत कोरडं पडतं, ते याच कारणाने. (धोतरा जीव घेऊ शकतो. कोणी 'घरगुती उपाय' म्हणून सांगितला तर ऐकू नका.)

ज्या बाजूला हिस्टामिन सोडलं होतं तिथे मात्र आणखी एक गोष्ट घडलेली असते. तिथल्या रक्तवाहिन्यांवरही एच-१ आहेत. हिस्टामिन बसल्यावर त्या फुगतात, भिंती सैल होतात आणि पाझर सुरू होतो. म्हणजे एका बाजूला तोटी आणि पाझर दोन्ही, दुसऱ्या बाजूला फक्त तोटी.

ही सगळी साखळी डोळ्यांसमोर ठेवा आणि मग घरातली उदाहरणं बघा. झणझणीत रस्सा खाताना घाम फुटतो आणि नाक गळतं. तिथे ॲलर्जी नाही. मिरचीचा तिखटपणा मज्जातंतूंना थेट छेडतो आणि ॲसिटिलकोलिनची तोटी उघडते. सर्दीच्या गोळीने रश्शाचं नाक थांबणार नाही. गुरुवारी संध्याकाळी घरात लोबान जाळला, किंवा कोणी उग्र अत्तर लावून शेजारी बसला आणि तुमचं नाक वाहायला लागलं, तर तेही बऱ्याचदा असंच असतं. धूर आणि उग्र वास अस्तराला चिडवतात. त्यासाठी आयजीई लागत नाही.

आणि साधी विषाणूची सर्दी? ज्यात अंग मोडून येतं, घसा दुखतो, कणकण येते, ती? त्यात नाकातल्या स्रावात हिस्टामिन फारसं वाढलेलं सापडत नाही. तिथे ब्रॅडिकायनिनसारखी वेगळी रसायनं काम करत असतात. म्हणून सिटिरिझिनसारखी नवी गोळी विषाणूच्या सर्दीवर जवळपास निरुपयोगी ठरते. जुन्या गोळ्यांनी नाक थोडं कोरडं होतं, पण त्याचं कारण पुढे सांगतो. मोठ्या माणसांची अशी सर्दी साधारण आठवडा-दहा दिवसांत आपली आपण जाते, मुलांची त्याहून थोडी जास्तही रेंगाळू शकते. शेंबूड पिवळा-हिरवा झाला म्हणजे अँटिबायोटिक हवंच, असंही नाही. तो रंग बहुधा आपल्याच पांढऱ्या पेशींचा असतो.

नजला आणि गुलाबाचा वास

आपल्या घरांत सर्दीला नजला म्हणतात. हा अरबी शब्द 'खाली उतरणे' या अर्थाचा. जुन्या युनानी हकिमांची समजूत अशी होती, की मेंदूतून द्रव खाली उतरतो आणि नाकावाटे बाहेर पडतो. ग्रीकांकडून आलेली ही समजूत युरोपातही होती. सतराव्या शतकात जर्मनीतल्या कॉनराड श्नायडर यांनी दाखवून दिलं, की मेंदूतून नाकात असा रस्ता नाही आणि शेंबूड नाकाच्या अस्तरातच तयार होतो.

पण हकिमांची नजर काही कमी नव्हती. इसवी सन ९२५ च्या सुमारास वारलेले अबू बकर अल-राझी यांचं एक छोटं पुस्तक आहे. विषय एवढाच, की अबू झैद अल-बल्खी या विद्वानाला वसंतात गुलाबाचा वास घेतला की नजला का होतो. ऋतूनुसार होणाऱ्या नाकाच्या त्रासाच्या सर्वांत जुन्या वर्णनांमध्ये त्याची गणना होते. हिस्टामिन हे नावसुद्धा कोणाला माहीत नव्हतं, तेव्हा एका वैद्याने ऋतू, फूल आणि नाक यांचा मेळ घातला होता. आपणही डॉक्टरकडे जाताना एवढंच केलं, कधी, कुठे आणि कशाजवळ नाक गळतं हे लिहून नेलं, तरी अर्धं निदान हातात असतं.

युनानी जोशांद्याबद्दलही वाचक विचारतात. उन्नाब, सपिस्तां, मुलेठीचा गरम काढा घशाला बरा वाटतो, वाफेने नाक मोकळं झाल्यासारखं होतं. प्यायला हरकत नाही. तो एच-१ अडवतो अशी अपेक्षा मात्र ठेवू नये.

जुनी गोळी, नवी गोळी

हिस्टामिनला अडवणारं पहिलं औषध १९३७ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत दानिएल बोव्हे आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या हाती लागलं. बोव्हेंना पुढे १९५७ मध्ये नोबेल मिळालं. त्यानंतर अशा औषधांची रांगच लागली. आपल्या मेडिकलवर आज दोन पिढ्या एकाच फळीवर बसलेल्या असतात.

जुनी पिढी म्हणजे क्लोरफेनिरामाइन (चिठ्ठीवर 'सीपीएम'), फेनिरामाइन (घरोघरी ओळखीची ॲव्हिल), प्रोमेथाझिन. यांच्या दोन खोडी आहेत. पहिली, त्या सहज मेंदूत शिरतात. मेंदूत हिस्टामिन एच-१ वर बसून आपल्याला जागं ठेवत असतं. ते अडवलं की झोप येते. म्हणजे झोप हा गोळीचा 'आराम' नाही, मेंदूतलं कुलूप बंद झाल्याची खूण आहे. दुसरी, त्या ॲसिटिलकोलिनलाही अडवतात, थोडंसं ॲट्रोपिनसारखं. म्हणून विषाणूच्या सर्दीतही नाक जरा कोरडं होतं. पण त्याचबरोबर तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठता होते आणि प्रोस्टेटचा त्रास असलेल्या वयस्कर माणसाची लघवी अडकू शकते. काचबिंदूच्या काही रुग्णांना या गोळ्या धोक्याच्या असतात. घरातल्या दादा-दादींना "रात्री शांत झोप लागेल" म्हणून ॲव्हिल देणाऱ्यांनी हे वाक्य परत एकदा वाचावं.

आमच्यातल्या एकाने हे स्वतः भोगलंय. लग्नाच्या दावतीहून रात्री मोटारसायकलवर परतायचं होतं, शिंका थांबेनात म्हणून कोणाकडून तरी गोळी मागून घेतली. देऊळगाव राजा रस्त्यावर एका क्षणी डोळा लागला आणि गाडी साइडपट्टीवर उतरली. अल्लाहची मेहरबानी, खरचटण्यावर निभावलं. जालन्यात ट्रक-टेम्पो चालवणारे आणि रोलिंग मिलमध्ये यंत्रावर उभे राहणारे कितीतरी जण आहेत. जुनी गोळी खाऊन कामावर जाऊ नका. रात्री घेतलेल्या गोळीची गुंगी सकाळपर्यंत राहू शकते.

नवी पिढी म्हणजे सिटिरिझिन, लेव्होसिटिरिझिन, लोराटाडिन, फेक्सोफेनाडिन. या मेंदूत कमी शिरतात आणि ॲसिटिलकोलिनला जवळपास हात लावत नाहीत. त्यातही सिटिरिझिनने काहींना झोप येते, फेक्सोफेनाडिनने सहसा नाही. एक गोष्ट जालन्याच्या लोकांना मुद्दाम सांगण्यासारखी. संत्रं, सफरचंद, ग्रेपफ्रूट यांच्या रसाबरोबर फेक्सोफेनाडिन घेतली तर ती शरीरात नीट शोषली जात नाही. आपली जालन्याची मोसंबी वनस्पतीशास्त्रात गोड संत्र्याच्याच जातीची. तेव्हा ही गोळी मोसंबीच्या रसाबरोबर नको, साध्या पाण्याबरोबर घ्या.

या गोळ्या कुलपात आधी जाऊन बसल्या तर जास्त चांगलं काम करतात. हिस्टामिन बसल्यानंतर धावपळ करण्यापेक्षा, ज्याला दर हंगामात त्रास होतो त्याने डॉक्टरांना विचारून त्या दिवसांत रोज एक घेतलेली बरी. ॲलर्जीची त्वचेवरची चाचणी करायची असेल तर मात्र काही दिवस आधी या गोळ्या बंद कराव्या लागतात. त्या चाचणीत तुलनेसाठी हिस्टामिनचाच एक थेंब त्वचेवर टोचतात. एच-१ आधीच बंद असेल तर तिथेही गांध उठत नाही आणि चाचणी फसते.

अम्मीचं नाक बंदच का राहिलं?

कारण चोंदणं हा वेगळा मामला आहे. शिंका, खाज आणि पाण्यासारखं गळणं यांत एच-१ चा मोठा हात असतो, म्हणून गोळी तिथे चांगली चालते. नाक बंद होतं ते मुख्यतः रक्तवाहिन्या फुगून आणि अस्तर सुजून. त्यात हिस्टामिनबरोबर ल्युकोट्रिन आणि इतर रसायनं असतात. पहिल्या झटक्यानंतर काही तासांनी दुसरी लाट येते, तिच्यात सूज आणणाऱ्या पेशी अस्तरात जमा होतात. सकाळी गादी झटकली आणि संध्याकाळी नाक बंद झालं, असं होतं ते यामुळे. एकट्या एच-१ ला अडवून ही सूज उतरत नाही.

महिनोन् महिने नाक चोंदत असेल तर डॉक्टर सहसा फ्लुटिकासोन किंवा मोमेटासोनसारखा स्टिरॉइडचा नाकातला फवारा देतात. 'स्टिरॉइड' ऐकून घाबरायचं कारण नाही. नाकात मारलेला डोस फार छोटा असतो आणि बहुतेक तिथेच काम करतो. पण तो एका दिवसात गुण देत नाही. पूर्ण परिणामाला आठवडा-दोन आठवडे लागतात आणि इथेच आपण चुकतो. तीन दिवस मारला, फरक नाही, बाटली कपाटात. फवारा नाकाच्या मधल्या पडद्यावर न मारता बाहेरच्या भिंतीकडे तोंड करून मारावा, नाहीतर रक्त येतं. त्याउलट झायलोमेटाझोलिनसारखे थेंब पाच मिनिटांत नाक मोकळं करतात, म्हणून सगळ्यांचे लाडके. ते तीन ते पाच दिवसांपेक्षा जास्त वापरले की नाक उलट जास्त बंद व्हायला लागतं आणि माणूस बाटलीचा गुलाम होतो. खिशात बाटली घेऊन वर्षानुवर्षं फिरणारी माणसं आम्ही पाहिली आहेत.

मॉन्टेलुकास्ट आणि लेव्होसिटिरिझिन एकत्र असलेली गोळी हल्ली चिठ्ठीवर फार दिसते. तिच्यातला मॉन्टेलुकास्ट ल्युकोट्रिनला अडवतो. २०२० मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याच्याबाबत कडक इशारा दिला, की काहींना वाईट स्वप्नं, चिडचिड, उदासी असे मानसिक त्रास होऊ शकतात. डॉक्टरांनी दिली असेल तर घ्या, पण जुनी चिठ्ठी दाखवून महिनोन् महिने परस्पर आणू नका. मुलाचं वागणं बदललं तर लगेच डॉक्टरांना सांगा.

लहान मुलांच्या बाबतीत मात्र हात आखडता घ्या. क्लोरफेनिरामाइन आणि फेनिलेफ्रिन एकत्र असलेलं सर्दीचं औषध चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असं देशाच्या औषध महानियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये बजावलं. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये शेजारच्या मध्य प्रदेशात, छिंदवाडा भागात, कोल्ड्रिफ नावाचं सिरप घेतलेली वीसहून अधिक मुलं मूत्रपिंड निकामी होऊन दगावली. त्यातल्या अनेकांवर नागपुरात उपचार झाले होते. तिथे घात केला तो सिरपमध्ये मिसळलेल्या डायएथिलिन ग्लायकॉल या विषाने, सर्दीच्या औषधाने नव्हे. पण ज्या साध्या सर्दीला औषधाची गरजच नव्हती तिच्यासाठी बाटली उघडली गेली, ही बोचणारी गोष्ट आहे. बाळाचं नाक बंद असेल तर मेडिकलवर मिळणारे मिठाच्या पाण्याचे थेंब, दूध पाजत राहणं आणि लक्ष ठेवणं, बहुतेक वेळा एवढंच पुरतं. दूध पिईना, श्वास जोरात चालला, छाती आत ओढली जाऊ लागली तर घरी थांबू नका.

आपल्या भागातली कारणं

गाजर गवत आपल्याकडे कुठे नाही? भारतात या गवताकडे पहिल्यांदा लक्ष गेलं ते १९५५ च्या सुमारास पुण्यात, आणि आज पडीक जागा, रस्त्याच्या कडा, कब्रस्तानची भिंत, सगळीकडे तेच. पाऊस झाला की फुलतं, परागकण उडतात. फुलायच्या आधी उपटलं तर फायदा, आणि उपटताना हातमोजे व तोंडाला रुमाल हवाच, कारण त्वचेलाही त्याची ॲलर्जी होते. मळणीचा भुस्सा आणि जिनिंगची धूळ हा दुसरा भाग. गाद्या-रजया भरणाऱ्या आपल्या पिंजारी भावांचं नाक तर बारा महिने कापसाच्या तंतूंशी झुंजत असतं. चांगला मास्क हीच तिथली पहिली गोळी.

घरात मुख्य आरोपी म्हणजे गादीतले धुळीचे किडे, जे डोळ्यांना दिसत नाहीत. पावसाळ्यात दमट झालेल्या जुन्या रजया थंडी पडताच पेटीतून काढून थेट मुलांच्या अंगावर टाकू नयेत. कडक उन्हात घालून, अंगणात झटकून मगच वापराव्यात. ज्याला ॲलर्जी आहे त्याने मात्र झटकायच्या वेळी तिथे थांबू नये. उशीची खोळ आणि चादर आठवड्याला गरम पाण्यात धुवा. मशिदीतल्या जाड सतरंज्यांचंही असंच, इंतजामिया कमिटीने महिन्यातून एकदा त्या उन्हात टाकल्या तर सज्द्यात शिंकणारे कमी होतील.

वुजू करताना आपण नाकात पाणी घेतो, त्याने नाकातले कण धुतले जातात. ज्यांना ॲलर्जी आहे त्यांना डॉक्टर याशिवाय मिठाच्या कोमट पाण्याने नाक आतून धुवायला सांगतात. परागकण अस्तरावर टिकलेच नाहीत, तर मास्ट पेशींना बत्ती लागणारच नाही. एवढी काळजी मात्र घ्या, की असं आतपर्यंत धुण्याचं पाणी उकळून गार केलेलं हवं. टाकीत आठवडाभर साठलेलं पाणी नाकात जोराने ओढू नका. त्यातला नेग्लेरिया हा अमिबा नाकातून मेंदूत जाऊ शकतो. हे फार दुर्मीळ आहे, पण कराचीत आणि केरळात यामुळे मृत्यू झाले आहेत. वुजूलाही स्वच्छ पाणी हळुवार घेतलं म्हणजे झालं.

रमजानमध्ये नव्या गोळ्यांची अडचण येत नाही. सिटिरिझिनसारखी गोळी दिवसाला एकदाच असते, ती इफ्तारनंतर घेता येते. नाकातल्या फवाऱ्याने रोजा राहतो की नाही यावर उलेमांमध्ये मतभेद आहेत. आपल्या आलिमांना विचारा, आणि डॉक्टरांना सांगून फवाऱ्याची वेळ इफ्तार आणि सहेरीच्या मध्ये बसवून घ्या. बहुतेक फवाऱ्यांना ते चालतं.

नाकाच्या ॲलर्जीबरोबर दमाही असू शकतो. मुलाला रात्री खोकल्याची उबळ येते, पळाल्यावर छातीत शिट्टी वाजते, असं असेल तर "नजला आहे, जाईल" म्हणून सोडू नका. जिल्हा सामान्य रुग्णालयात दाखवा. २०२४ पासून जालन्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झालं आहे.

आणि नाक एकाच बाजूने गळत असेल तर हा लेख बाजूला ठेवा. हिस्टामिनचा निरोप दोन्ही बाजूंना जातो, हे आपण पाहिलं. लहान मुलाच्या एकाच नाकपुडीतून घाण वासाचा किंवा रक्ताळलेला स्राव येत असेल, तर आत शेंगदाणा, मणी किंवा खेळण्यातला चपटा सेल अडकलेला असू शकतो. सेल असेल तर काही तासांत अस्तर जाळतो. मोठ्या माणसाला डोक्याला मार लागल्यानंतर एका बाजूने पाण्यासारखं स्वच्छ गळू लागलं, तर ते मेंदूभोवतीचं पाणी असू शकतं. अशा दोन्ही वेळी मेडिकलवर न थांबता सरळ दवाखाना गाठा.